आठ कोंबड्या आणि दिवसाला एक अंडं – चुकतंय कुठे?

माळावरचा | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. नोकरी संपवून दोन वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. यंदा हौसेने कोंबड्या पाळल्या. एकूण आठ. पाच तपकिरी, जुलैत आठवडी बाजारातून आणलेल्या. विकणारा म्हणाला, 'नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगा आहेत, वर्षभर बघायला नको.' उरलेल्या तीन गावरान, मावशीकडून आलेल्या. कोंबडा नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात रोज ५-६ अंडी मिळत होती. शेजारीपाजारी वाटून पुरायची. दसऱ्यानंतर तीनवर आली, आणि दिवाळीपासून जेमतेम एक. कालपरवा तर एकही नाही. कोंबड्या आजारी दिसत नाहीत, खातात-पितात, दिवसभर परसात उकरत असतात. शेवटी मिळालेली अंडी आकाराने मोठी होती, पण कवच पातळ. एक तर हातातच फुटलं.

खाद्य: सकाळ-संध्याकाळ गहू, दुपारी घरातलं उरलंसुरलं. खुराडं ६ बाय ८ फूट, वर पत्रा, खाली कोबा, झोपायला आडवे दांडे. बायको म्हणते दृष्ट लागली. मला वाटतं कोंबडा आणावा. सल्ला द्या.

रानमांजर | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

दृष्ट माझी असेल. 'रोज सहा अंडी' वाचूनच तोंडाला पाणी सुटलं.

खुराडेवाली | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

कोंबड्याच्या नादाला लागू नका दादा. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असली तरच लागतो. नुसता पहाटे तीनला ओरडून आळी जागी करील.

आधी मला एक सांगा, अंडी घालत *नाहीत* की तुम्हाला *मिळत* नाहीत? आम्ही देवरुखकडचे. आमच्याकडे हा प्रश्न पहिला विचारतात. मुंगूस अंडं फोडून खातं, कवचाचे तुकडे मागे राहतात. धामण अख्खं गिळते, मागमूस नाही. घूस गडगडवत बिळात नेते. आणि गावरान कोंबडी मोकळी सोडली की तिला तुमची पेटी पसंत पडेलच असं नाही. माझी एक काळी गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या पडक्या गोठ्यात जाऊन घालत होती. शेजारीणबाई तीन आठवडे आमचीच अंडी आम्हाला 'घ्या हो, घरची आहेत' म्हणून देत होत्या.

आठ दिवस त्यांना सकाळी अकरापर्यंत खुराड्यातच कोंडा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं घालून मोकळ्या होतात. आत अंडी वाढली तर चोर बाहेर आहे, नाही वाढली तर दोष आतला.

नगरी_गडी | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

नुसत्या गव्हावर कोंबडी जगते, अंडं देत नाही. माझ्याकडे दोनशे गावरान आहेत, हे अनुभवाने सांगतोय.

साधा हिशोब बघा. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. गव्हात प्रथिनं ११-१२ टक्के, म्हणजे पोटात गेली १२-१३ ग्रॅम. तिला लागतात १७-१८. आता चुना. एका अंड्याच्या कवचात अंदाजे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम गव्हात किती? ४० मिलिग्रॅमच्या आसपास. उरलेलं ती आणणार कुठून? स्वतःच्या हाडातून काढते, मग कवच पातळ करते, आणि शेवटी दुकान बंद करते. तुमचं हातात फुटलेलं अंडं तेच सांगत होतं.

भात-भाकरी तर त्याहून वाईट. पोट भरतं, मग दुसरं काही खात नाही. सुरुवातीला काय घालत होता? पहिले दोन महिने अंडी बरी होती म्हणता म्हणून विचारतो.

माळावरचा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

@नगरी_गडी, बरोबर पकडलंत. सुरुवातीला लेअर मॅशची (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) एक गोणी आणली होती. ती सप्टेंबरअखेर संपली. घरचा गहू पडून आहे, विकत कशाला आणायचं म्हणून बदललं.

@खुराडेवाली ताई, उद्यापासून कोंडतो.

उत्तरध्रुव | २५ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

इथे ओहायोत घरामागे सहा कोंबड्या आहेत. डिसेंबरात आमचा दिवस साडेनऊ तासांहूनही लहान असतो, त्यामुळे थंडीत अंडी बंद होणार हे आम्ही धरूनच चालतो. कोंबडीचं अंडं पोटापेक्षा उजेडावर अवलंबून. उजेड कमी झाला की शरीर ठरवतं, हे पिल्लं वाढवायचे दिवस नव्हेत. चौदा तासांच्या वर उजेड मिळाला तर गाडी नीट चालते. तुमच्याकडे पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, आत्ता अकराच्या थोडा वर. फरक मोठा नाही, पण आहे.

मी पहाटे दिवा लावते. संध्याकाळी लावू नये. दिवा एकदम विझला की त्यांना दांड्यावर चढायला वाट दिसत नाही, जिथे असतील तिथे बसून राहतात.

पशुवैद्य_निवृत्त | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

वरच्या तिघांचंही बरोबर आहे. पण आठ कोंबड्यांना एकच औषध लावायची घाई करू नका. अंडी मोजून काही कळत नाही. कोंबड्या मोजा. आठांपैकी नेमकी कुठली घालत नाही आणि का, हे एकेक हातात घेऊन बघा. रात्री अंधारात त्या शांत असतात, तेव्हा उचला.

१. तुरा. घालणारीचा लालभडक, ओलसर, मऊ. न घालणारीचा फिका, आक्रसलेला.

२. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमधलं अंतर. बोटं आडवी ठेवून बघा. दोन-तीन बोटं मावली तर घालते आहे, एकच मावलं तर बंद.

३. पाय आणि चोच. पिवळ्या कातडीच्या कोंबडीचा पिवळा रंग अंड्याच्या बलकात जातो. भरपूर घातलेलीचे पाय फिके पडतात. थांबली की रंग परत चढतो.

४. पिसं. मानेवर, पाठीवर नवी पिसं कोंबांसारखी फुटताहेत का? खुराड्यात पिसांचा सडा पडलाय का?

५. तुमच्या पाच तपकिरी कोंबड्यांची चोच पुढून कापलेली आहे का? नखं कशी आहेत? आणि रात्री त्या दांड्यावर झोपतात की खाली?

पाचवा प्रश्न विचित्र वाटेल. तरी उत्तर द्या.

रानमांजर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

डॉक्टरकाकांनी तपास हातात घेतला! आता पाचव्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय मी दाढी करणार नाही.

माळावरचा | २६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काका, काल रात्री बॅटरी डोक्याला बांधून दोघं नवराबायको खुराड्यात शिरलो. सून व्हिडिओ काढत होती, तो इथे टाकणार नाही.

पाच तपकिरी: पाचही जणींची चोच पुढून बोथट, कापल्यासारखी. मला वाटायचं जातच तशी. नखं लांब, दोघींची तर वाकडी झालेली. आणि हो, त्या पाचही खालीच झोपतात, कोपऱ्यात एकमेकींना चिकटून. दांड्यावर फक्त गावरान. पाचांपैकी चौघींचा तुरा फिका, एकच बोट मावलं. तिघींच्या मानेवर पिसांचे कोंब. पाचवीचा तुरा लाल, दोन बोटं मावली.

गावरान: एक भुरी, तिचा तुरा लालभडक, तीन बोटं. दुसरी ठिपक्यांची, तिला उचलायला गेलो तर फुगून 'कुर्रर्र' केलं आणि चावली. तिसरी मध्यम.

अजून एक. हात लावून बाहेर आल्यावर मनगटावर बारीक तांबूस किडे फिरताना दिसले. रात्रभर खाज सुटली.

पशुवैद्य_निवृत्त | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

तुमचं खुराडं म्हणजे एक नव्हे, चार रोगी आहेत. एकेक घेऊ.

तपकिरी पाच. कापलेली चोच एवढंच सांगते की कोंबडी व्यावसायिक लेअरच्या उबवणुकीतली आहे. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच टोक कापतात. त्यावरून वय कळत नाही, तशा तलंगाही विकायला येतात. पण वाकडी लांब नखं म्हणजे ती जमिनीवर उकरत वाढलेली नाही, बराच काळ तारेवर उभी होती. दांडा माहीत नाही म्हणून खाली झोपते. मोठं अंडं आणि पातळ कवच हेही वय झालेल्या कोंबडीचंच लक्षण, खाद्याने त्यात भर घातली. माझा कयास असा की फार्मवरून ७२ ते ८० आठवड्यांनंतर निघालेला माल तुम्हाला 'तलंगा' म्हणून विकला गेला. खात्रीसाठी पाय बघा. तलंगेचे पाय गुळगुळीत असतात, जुनीचे खवले जाड आणि खरखरीत.

आता त्या पिसं झाडताहेत. जुनी पिसं टाकून नवी आणायची तर प्रथिनं तिकडे जातात, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. या काळात अंडं बंद, २ ते ३ महिने. हा आजार नाही. तिला मारून मुटकून घालायला लावू नका. चांगलं खायला घाला. पिसं आल्यावर पुन्हा सुरू होईल, मात्र पहिल्या वर्षाइतकी नाही.

ठिपक्यांची. ती खुडूक आहे, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसली आहे. फुगणं, कुरकुरणं, चावणं, सगळं त्याचंच.

भुरी. ती रोज किंवा दिवसाआड घालते आहे, यात मला शंका नाही. तुम्हाला मिळत नसेल तर खुराडेवाली ताईंचा प्रश्न लागू.

किडे. हे सगळ्यात आधी. दिवसा दांड्यांच्या फटीत, खिळ्यांच्या भोकांत लपतात, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी तपासली की काही सापडत नाही. दांड्याखाली पांढरा कागद घासा, लाल रेघा उमटल्या की समजा. उपद्रव वाढला की रक्त कमी होतं, तुरा फिकट पडतो, अंडी घटतात. सगळं खुराडं रिकामं करून उकळतं पाणी ओता, फटींत विशेषतः. वाळलं की चुन्याची सफेदी. सहा-सात दिवसांनी पुन्हा तेच, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात. कोंबडीच्या अंगावरचं औषध तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच घ्या. आणि औषध लावल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्याच वेळी विचारा.

नगरी_गडी | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

एक हात जोडून विनंती. गावात कुणीतरी सांगेल, 'कपाशीवरचं औषध थोडं मार, किडे मरतील.' किडे मरतात, कोंबड्याही मरतात, आणि वाचलेल्या कोंबडीचं अंडं पोराच्या पोटात जातं. आमच्या शेजारी झालेलं आहे.

खुराडेवाली | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

खुडूक बाईचं मी सांगते. जुनी माणसं तिच्या नाकातून पीस आरपार घालायची, नाहीतर पाण्यात बुडवायची. माझी आजीही करायची. मी करत नाही, जिवाला त्रास. पोटाखाली गारवा लागला की ऊब मोडते, एवढंच त्यामागचं गमक. तारेच्या तळाचा पिंजरा दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. आत गवत नको, पाणी-दाणा हवा. तीन-चार दिवसांत ताळ्यावर येते. पुढे आठ-दहा दिवस, कधी जास्तही, अंड्याची वाट बघायची.

पण पिल्लं हवी असतील तर तिला मोडू नका! गावरान कोंबडी पंधराएक अंडी घालते आणि खुडूक होते, ती तिची रीतच आहे. वर्षाकाठी ६०-८० अंड्यांवर तिचा हिशोब संपतो. तिला लेअरशी तोलायचं म्हणजे बकरीला म्हशीएवढं दूध का नाही विचारण्यासारखं.

चहाबाज | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

धाग्याबाहेरचा प्रश्न, पण दिवाळीच्या फटाक्यांनी अंडी बंद होतात का? आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून शून्य.

पशुवैद्य_निवृत्त | २७ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

होतात, पण फटाक्यांना सगळं पाप चिकटवू नका. भीतीने चार-आठ दिवस घट येते, कधी बिनकवचाचं अंडं पडतं. कुत्रं मागे लागलं, जागा बदलली, नव्या कोंबड्या मिसळल्या, एक दिवस पाण्याचं भांडं कोरडं राहिलं, तरी तेच. शेवटचं फार जणांच्या लक्षात येत नाही. कोंबडी दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट, आणि अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. मात्र आपल्याकडे दिवाळी, लहान होणारा दिवस आणि पिसं झाडण्याचा हंगाम एकत्र येतात, त्यामुळे आवाज मोठा असलेला आरोपी पकडला जातो.

घट अचानक असेल, सोबत शिंका, घरघर, हिरवी हगवण, मान वाकडी होणं किंवा मरतूक असेल तर मात्र धागा काढत बसू नका. मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. पक्षी पटापट मरू लागले तर मेलेल्याला हात न लावता दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे कितीदा सांगितलं असेल.

@माळावरचा, मानमोडीची लस झाली आहे का? कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते, आठ कोंबड्यांसाठी कुणी फोडत नाही. आळीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवा, बर्फात घालून आणा, त्याच दिवशी संपवा.

माळावरचा | ४ डिसेंबर, रात्री ८:५०

आठवड्याचा हिशोब देतो.

पाय बघितले. पाचांपैकी चौघींचे खरखरीत. एकीचेच बरे, तीच लाल तुऱ्याची. त्या बाजारात परत गेलो, विकणारा अर्थातच नव्हता. शेजारचा भाजीवाला म्हणाला, 'तो महिन्यातून एकदाच येतो.' घ्या!

खुराडं रिकामं करून उकळतं पाणी ओतलं. दांड्याच्या एका टोकाच्या फटीतून जे बाहेर आलं ते बघून बायको दोन दिवस जेवली नाही. दांडे बदलून सोलीव बांबूचे घातले, फटी कमी. चुना झाला. येत्या गुरुवारी दुसरी फेरी. राख आणि माती कालवून अंघोळीला कोपरा करून दिला, त्यात पाचही जणी पहिल्यांदाच लोळल्या. जन्मात मिळालं नसावं बिचाऱ्यांना.

आणि भुरी! तीन दिवस कोंडली तर आवाज करून करून जीव खाल्ला, आत अंडं घातलं नाही. चौथ्या दिवशी अकराला सोडली आणि मी तिच्या मागे निघालो. बाई इकडेतिकडे बघत, जणू मी दिसतच नाही असं दाखवत, कडब्याच्या गंजीमागे गेल्या. तिथे चौदा अंडी! चौदा!

रानमांजर | ४ डिसेंबर, रात्री ९:०१

दाढी करायला मोकळा झालो. ऑम्लेटला कधी येऊ?

खुराडेवाली | ४ डिसेंबर, रात्री ९:२०

ऑम्लेटच्या आधी पाण्यात सोडा सगळी. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं (उकडायला चालेल, पण वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या), तरंगलं तर खड्ड्यात. पेटीत एक खोटं अंडं ठेवा, टेबल-टेनिसचा चेंडू किंवा गुळगुळीत पांढरा गोटाही चालतो. दुसरीने इथे घातलंय म्हणजे जागा सुरक्षित, असं त्यांना वाटतं.

माळावरचा | ४ डिसेंबर, रात्री १०:१०

सात ताजी, चार उभी, तीन तरंगली.

खाद्याचं सांगा. गहू पूर्ण बंद करू का? दोन क्विंटल पडलाय.

नगरी_गडी | ५ डिसेंबर, सकाळी ६:३०

बंद कशाला. सकाळी आधी लेअर मॅश पोटभर, संध्याकाळी झोपायच्या आधी मूठमूठ गहू, दहा टक्क्यांच्या आसपास. ओला भात, खारट फरसाण, पापड एकदम बंद. मीठ त्यांना बाधतं. शेंगदाण्याची जुनी पेंड स्वस्त मिळते, पण बुरशी लागलेली असली तर विषच.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज आहे ती आपली आपण खाते, गावरान भुरीला कमी लागेल. घरच्या अंड्यांची कवचं घालायची तर तव्यावर भाजून, बारीक कुटून. अख्खं कवच टाकलंत की अंडं फोडून खायची चटक लागते, मग ती कोंबडी सुधारत नाही. परसात शेवगा असेल तर पाला तोडून टांगा.

उत्तरध्रुव | ५ डिसेंबर, सकाळी ७:५५

दिव्याचं विसरू नका. पाच वॉटचा पिवळसर एलईडी तुमच्या खुराड्याला पुरे. आज सूर्योदयाआधी अर्धा तास, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत चौदा-पंधरा तासांवर आणा. टायमर लावा, रोज वेळ चुकली तर दिवा नसलेला बरा.

पशुवैद्य_निवृत्त | ५ डिसेंबर, सकाळी ८:३०

इथे माझा वेगळा विचार आहे. पिसं झाडणाऱ्या चौघींना आत्ता दिवा नको. त्यांना विश्रांती घेऊ दे. नवी पिसं पुरती आली की जानेवारीत लावा. आणि गावात लोडशेडिंगची वेळ दर आठवड्याला बदलते, टायमर काय करणार?

उत्तरध्रुव | ५ डिसेंबर, सकाळी ८:४८

मान्य. लोडशेडिंग मी विसरलेच होते, बारा वर्षं झाली.

माळावरचा | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ७:३०

उशीर झाला, क्षमा. रोज विचारणाऱ्यांचे आभार.

मॅश सुरू केल्यावर लाल तुऱ्याची तीन आठवड्यांत जवळजवळ रोजचं अंडं देऊ लागली, कवच टणक. पिसं झाडणाऱ्या चौघींपैकी तिघी जानेवारीच्या शेवटी सुरू झाल्या, आठवड्याला तीन-चार. चौथी काहीच देत नाही. घरात तिच्यावरून दोन पक्ष पडले. मी रस्सा म्हणालो. नातीने तिचं नाव 'ठमाबाई' ठेवल्यामुळे मी हरलो. ठमाबाई राहणार, फुकट खाणार.

दिवा लावला नाही, दिवस आपोआप मोठा होतोय. भुरी आता पेटीत घालते, चेंडूशेजारी. एकूण रोज ३-४ अंडी. ऑगस्टचे दिवस परत आले नाहीत, पण आता निदान कुठली का देत नाही ते माहीत आहे.

ठिपक्यांची पिंजऱ्यात ठेवून सुधारली होती, जानेवारीच्या सरतेशेवटी पुन्हा खुडूक. या वेळी मोडली नाही. मावशीकडे कोंबडा आहे, तिथून अकरा अंडी आणून खाली ठेवली. आज नववा दिवस. रात्री बॅटरी लावून बघितली तर सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. चार अगदी स्वच्छ, आरपार उजेड. ती चार काढू का राहू देऊ?

पशुवैद्य_निवृत्त | ११ फेब्रुवारी, रात्री ८:०५

काढा. फलित नाहीत, उबेत नासून फुटली तर बाकीची खराब करतील. अठराव्या दिवसापासून उगाच हात लावू नका. आणि मुंगसाचा बंदोबस्त आजच करा.

खुराडेवाली | ११ फेब्रुवारी, रात्री ८:३२

एकविसाव्या दिवशी फोटो!